‘नाहीं’चा कस

सोन्याचा कस पाहतात तो कसोटीवर. आणि कसोटी म्हणजे तळहातांत मावेल एवढा एक काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासला म्हणजे पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारीं ठाऊक असलेल्या सोन्याची दुसरी रेघ ओढतात, दोहोंवर तेजाबाचा थेंब सोडतात, आणि कोणती रेघ किती टिकते त्यावरून सोन्याची जात ठरवितात. लहानपणीं आईचें बोट धरून सोनाराच्या दुकानीं गेलों असतां हा विधि मीं अनेकदां पाहिला आहे. सोनाराची मुद्रा त्या वेळीं न्यायाधीशासारखी होई आणि आईची आरोपीसारखी. दागिना तिच्या माहेरचा. तो हिणकस निघाला तर जणूं माहेरच हिणकस ठरणार, अशी तिची कालवाकालव मला त्या वयांतहि दिसत असे. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या काळ्या दगडाची पुनः आठवण व्हावी असें एक कारण गेल्या उन्हाळ्यांत घडलें. त्या कारणाचा संबंध सोन्याशीं थोडा आणि एका केकशीं पुष्कळ आहे, एवढ्यावरून वाचकांनीं हा लेख थट्टेवारी नेऊं नये, अशी माझी त्यांना विनंती आहे. नीतिशास्त्रांतले प्रश्न नेहमीं धर्मराजाच्या दाराशींच उभे असतात असें नाहीं. पुष्कळदां ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं अडखळतात.

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आमच्या परिचयाचें एक सोनाराचें घर आहे. घरांतले वृद्ध कर्ते गृहस्थ—त्यांना सारी आळी अण्णा म्हणून ओळखते—अजून हातानें घडण करतात. सांच्यांतून निघालेले दागिने बाजारांत ढिगानें मिळत असतां ज्यांना आजीच्या ठुशीसारखीच ठुशी पाहिजे असते, किंवा बोटाचा सांधा सुजल्यामुळें ज्यांना तयार अंगठी चढत नाहीं, अशीं माणसें माडीवर त्यांच्याकडे येतात. खालीं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलींत, त्यांची सून भट्टी चालविते. भट्टी म्हणजे विजेची एक मध्यम पेटी. परंतु तिच्यांतून निघणारे पदार्थ दुकानांत सहसा मिळत नाहींत. ज्याला गहूं सोसत नाहीं त्याला गव्हावांचून, ज्याला अंडें, दूध, भुईमूग किंवा काजू सोसत नाहीं त्याला तें तें वगळून ती केक, पाव आणि बिस्किटें भाजून देते. या दोघांच्याहि कामांत धुळीला मोठें महत्त्व आहे. पण तें अगदीं उलट प्रकारचें. अण्णांच्या बैठकीखालची धूळ कधीं उकिरड्यावर जात नाहीं. कानशीचा कीस, ठोकतांना उडालेला कण, सारें मऊ कुंचल्यानें गोळा होतें, आणि पुरेसें सांठलें म्हणजे झारेकऱ्याच्या हवालीं केलें जातें. तो ती माती धुऊन तींतून सोनें काढतो. खालच्या मजल्यावर सूनबाई ओल्या फडक्यानें ओटा, कपाट, दाराची कडी, फार काय स्वतःचीं मनगटेंसुद्धां पुसत असतात, हेतु हा कीं कालच्या पोळ्यांचा एखादा कण तेथें राहूं नये. एकाच जिन्यानें जोडलेले दोन मजले; वर कण हरवूं नये म्हणून धडपड, खालीं कण सांपडूं नये म्हणून!

या घराशीं माझा संबंध आला तो माझ्या धाकट्या मुलीमुळें. दहाव्या वर्षापर्यंत तिची वाढ खुंटल्यासारखी दिसे. अंगांत रक्त नाहीं, पोट फुगलेलें, खाल्लेलें अंगीं लागत नसे. दृष्ट लागण्यापासून जंतांपर्यंत सर्व निदानें होऊन गेल्यावर रक्ताची तपासणी आणि आंतड्याच्या अस्तराचा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेला एक तुकडा यांनीं निकाल दिला कीं, तिला सीलिअक नांवाचा विकार आहे. गहूं, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नामक जें चिकट प्रथिन असतें तें पोटांत गेलें कीं अशा माणसाचें शरीर स्वतःच्याच आंतड्यावर हत्यार उपसतें. या विकाराचें सविस्तर वर्णन सॅम्युएल गी या लंडनच्या डॉक्टरानें १८८८ सालीं केलें, आणि उपाय असलाच तर तो आहारांतच असला पाहिजे, असा तर्कहि त्यानें बांधला. परंतु कोणता आहार, हें कळावयास आणखी अर्धें शतक लोटावें लागलें. हॉलंडमध्यें विलेम कारेल डिके नांवाचा बालरोगचिकित्सक गव्हाविषयीं संशय बाळगून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडांत भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हां इतर मुलें वाळत असतां हीं रोगी मुलें सुधारलीं, आणि पाव परत आल्यावर तीं पुनः आजारी पडलीं. डिकेचा संशय पक्का झाला आणि १९५० सालीं त्यानें आपला प्रबंध सादर केला. सर्वांची जी उपासमार तीच कांहींजणांचें औषध ठरावी, असा हा विलक्षण योग होता. औषध म्हणण्यासारखें दुसरें कांहीं आजहि या विकारावर नाहीं. आयुष्यभर गहूं वर्ज्य, एवढाच उपचार. आणि वर्ज्य म्हणजे किती वर्ज्य? आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें २००८ सालीं जी मर्यादा घातली, आणि आपल्या देशांतील अन्न-नियमांनींहि जी मानली आहे, ती किलोमागें वीस मिलिग्रॅम ग्लूटेन. गव्हाच्या पिठाचा सुमारें दहावा हिस्सा ग्लूटेन असतो; तेव्हां किलोभर ज्वारीच्या पिठांत कणकेची एक चिमूट पडली कीं मर्यादा ओलांडली.

त्याच मुलीच्या कानांची कथा निराळी. मैत्रिणींचें पाहून बाजारांतलीं चकचकीत कानांतलीं घातलीं कीं चौथ्या दिवशीं तिच्या पाळ्या लाल होऊन चिघळत. हा निकेलचा प्रताप. मुलामा झिजला कीं खालच्या मिश्रधातूंतलें निकेल घामांत उतरतें आणि त्वचेला डिंवचतें. युरोपांत १९९४ सालच्या नियमानें अंगाला सतत लागून राहणाऱ्या जिनसांतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्यास अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक निकेल झिरपूं नये असें ठरविलें, यावरून हें दुखणें किती सर्वसामान्य असेल याची कल्पना येईल. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ सालीं क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरानें घडविला. निकेलचें दुखणें त्या शब्दांत बसतें, गव्हाचें तंतोतंत बसत नाहीं. शास्त्रज्ञ या दोन पीडांना एका माळेंत ओंवीत नाहींत. आमच्या घरीं त्या एकाच मुलीच्या वाट्याला आल्या, एवढें खरें. सोनारानेंच कान टोचावे, ही म्हण आठवून मीं तिला अण्णांकडे नेलें. त्यांनीं तिला सोन्याच्या कुड्या घडवून दिल्या आणि देतांना म्हणाले, “लोक फुलाचें सोनें बघतात, सर. कानाला लागते ती दांडी.” जातां जातां खालच्या खोलींतून भाजलेल्या गुळाचा वास आला, आणि त्या दिवसापासून आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक येऊं लागला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. अण्णा जेव्हां सांगतात कीं, हें बावीस कॅरटचें आहे, तेव्हां ते एका अस्तित्वाविषयीं बोलत असतात. हजार भागांत नऊशें सोळा भाग सोनें येथें आहे, असा त्याचा अर्थ. त्यांचा शब्द मानण्याची मला मुळींच गरज नाहीं; दुसऱ्या दुकानीं जाऊन मी कस लावून घेऊं शकतों, आणि दागिन्यावर एक ओरखडा पडण्यापलीकडे त्यांत कांहीं जात नाहीं. सोनें आपली साक्ष आपणच देतें. परंतु त्यांची सून जेव्हां म्हणते कीं, यांत गहूं नाहीं, तेव्हां ती एका अभावाविषयीं बोलत असते. आणि अभाव कसोटीवर घासावयाचा कसा? केक रूपानें, गंधानें, चवीनें सर्वांगीं निर्दोष असून त्यांत ती चिमूट दडलेली असूं शकते.

अभावाचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं मोठ्या चिकाटीनें केला आहे. वैशेषिकांच्या जुन्या यादींत पदार्थ सहाच होते. शिवादित्याच्या सप्तपदार्थींत आणि पुढें अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत अभाव हा सातवा पदार्थ होऊन बसला. विद्यार्थिदशेंत जमिनीवर नसलेल्या घटाविषयींची ती चर्चा वाचतांना आम्हांला हंसूं येत असे. इंग्रजी ग्रंथांवर पोसलेल्या आम्हां मुलांना वाटे, नसलेल्या मडक्यासाठीं एवढी डोकेफोड कशाला? नैयायिक म्हणत कीं अभाव प्रत्यक्षानेंच कळतो. कुमारिलभट्टाच्या अनुयायांनीं त्यासाठीं अनुपलब्धि नांवाचें स्वतंत्र प्रमाण मानलें. पण त्यांनीं घातलेली एक अट मला या वयांत, त्या खालच्या खोलींत उभें असतां, प्रथमच खरोखर समजली. घट दिसत नाहीं एवढ्यावरून तो नाहीं असें म्हणतां येत नाहीं. तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिति असली पाहिजे. अंधारांत घट दिसला नाहीं, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. गव्हाचा कण हा असा कायमचा अंधारांतला घट आहे. सूनबाईंची वेगळी परात, वेगळी चाळणी, वेगळें कुलुपाचें कपाट, घरांतल्या कणकेच्या डब्याला दुसऱ्या टोंकाला दिलेली जागा, ही सारी खटपट म्हणजे त्या अंधारांत दिवा लावण्याची खटपट होय. गहूं आला असता तर मला कळलें असतें, असें म्हणण्याचा अधिकार ती त्यामुळें मिळविते. म्हणजे ‘यांत गहूं नाहीं’ हें वाक्य व्याकरणानें केकविषयीं असलें तरी अर्थानें तें बोलणारीच्या वर्तनाविषयीं आहे. अण्णांचें विधान अण्णांना वगळून तपासतां येतें. सूनबाईंचें विधान त्यांना वगळलें तर उरतच नाहीं.

आणि हें वर्तन सोपें नाहीं, हें आमच्या घरानें ठेंचा खाऊन शिकलें आहे. आम्हीं पोळी बंद करून भाकरी सुरू केली आणि कृतार्थ झालों. तरी मुलीचें पोट दुखतच राहिलें. पुढें ध्यानांत आलें कीं, ज्वारी ज्या गिरणींत जाई तींत तिच्या आधीं कोणाचा तरी गव्हाचा डबा रिकामा झालेला असे, आणि जात्यांत राहिलेली कणीक आमच्या पिठांत उतरे. घरघंटी आणली. तरीहि कधीं कधीं दुखणें उलटे. शेवटीं गुन्हेगार सांपडला तो वरणाच्या फोडणींत. बाजारांतलें हिंग शुद्ध हिंग नसतें. त्या उग्र चिकाला बांधण्यासाठीं डिंकाबरोबर पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. ज्या घरांत एकादशीला वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाड्याचें पीठ शिवतांना हात धुण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या घराला चिमूटभर हिंगानें चकविलें. माझ्या आईला सोंवळें कळत होतें. पण हिंगाच्या डबींत गहूं आहे ही शंका तिच्याहि मनाला शिवली नसती.

येथें मला एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती सांगावयास मला आनंद होत नाहीं. मुलगी तेरा वर्षांची असतांना एका आप्ताच्या घरीं आम्ही मुंजीला गेलों होतों. घरच्या बाईंनीं मोठ्या मायेनें तिच्यासाठीं डाळीच्या पिठाचे बटाटेवडे निराळे केले. “यांत गव्हाचा कणहि नाहीं हो! पीठ मीं स्वतः दळलें आहे,” असें म्हणून त्यांनीं पान तिच्यापुढें ठेवलें. त्या खरें तेंच बोलत होत्या. निदान त्यांना तें खरें वाटत होतें. परंतु दहा मिनिटांपूर्वीं हात धुण्यास मागीलदारीं गेलों असतां मीं पाहिलें होतें कीं, ज्या कढईंत घाणेच्या घाणे पुऱ्या तळून निघाल्या, त्याच तेलांत हे वडे सोडले जात होते. मुलीनें नेहमींप्रमाणें माझ्याकडे पाहिलें. पंक्तींत वीस माणसें, समोर त्या बाईंचा घामानें भिजलेला, प्रसन्न चेहरा. मीं मान हलविली. पुढले तीन दिवस मुलगी अंथरुणावर होती, आणि मीं घरांत सांगितलें, उन्हाचा त्रास झाला असेल.

मीं असें कां केलें? त्या बाईंच्या मायेला मीं सत्याहून थोर मानलें, असें म्हणून मला सुटतां येईल; परंतु तें खोटें आहे. चार माणसांत होणारी अडचणीची दोन मिनिटें मला टाळावयाची होतीं, एवढेंच. आपण ज्याला भीड म्हणतों आणि ज्याची गणना सद्गुणांत करतों, तिच्या पोटीं पुष्कळदां इतकी स्वस्त वस्तु असते. अभावाची हमी देणारा माणूस खोटें बोललाच पाहिजे असें नाहीं. न विचारणें, न सांगणें, नुसती मान हलविणें एवढ्यानें काम भागतें; आणि तें कधीं उघडकीस येत नाहीं, कारण जो कण दिसलाच नाहीं त्याची साक्ष कोण देणार?

म्हणून ‘घरगुती’ या शब्दाचा जो आजकाल सर्वत्र जयजयकार चालला आहे, त्यांत मला सामील होतां येत नाहीं. हातानें केलें, मायेनें केलें, घरीं केलें, म्हणून तें निर्दोष झालें, या अनुमानांत हेतु आणि साध्य यांचा कांहीं संबंध नाहीं. हस्तकौशल्याविषयीं आपले पूर्वज असे भोळे नव्हते. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सोनाराच्या हातचलाखीच्या तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक अशा पांच तऱ्हा मोजून दिल्या आहेत. आणि त्यांतली प्रत्येक हातानेंच करावयाची आहे! या अविश्वासांतूनच शिक्क्याची पद्धति निघाली. इंग्लंडांत १३०० सालच्या कायद्यानें चांदीच्या जिनसांवर बिबट्याच्या मुखाची खूण उठवावी असें ठरलें, आणि १४७८ पासून लंडनच्या कारागिरांना आपला माल सोनार-मंडळाच्या वास्तूंत, म्हणजे हॉलमध्यें, नेऊन तपासून घ्यावा लागूं लागला. ‘हॉलमार्क’ हें नांव त्यावरूनच पडलें. आपल्याकडे सोन्याची ही योजना २००० सालीं ऐच्छिक म्हणून आली आणि २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. आज दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण असते. अण्णांना प्रथम त्याचा राग आला. साठ वर्षांच्या हाताला आतां यंत्राचा दाखला पाहिजे काय, असें ते म्हणत. परंतु कायद्याची बाजू मला रास्त वाटते. ज्याचा हात सच्चा आहे त्याचें त्यांत कांहीं जात नाहीं, आणि माझ्या आईसारखी एखादी बाई आरोपीची मुद्रा धारण करण्यांतून सुटते.

तोच न्याय खाद्यपदार्थांना लावावा, असें कोणीहि म्हणेल. आणि कांहीं अंशीं तो लावला गेलाहि आहे. प्रतिपिंडांच्या साह्यानें ग्लूटेन हुडकण्याची परीक्षा आज आहे, आणि मोठ्या कारखान्यांत ती नियमानें होते. प्रेमळ पण गाफील स्वयंपाकघरापेक्षां असा कारखाना मला शतपट बरा वाटतो. तथापि सोन्यांत आणि येथें एक भेद राहतोच. जो तुकडा तपासला तो खाल्ला जात नाहीं, आणि जो खाल्ला जातो तो तपासलेला नसतो. शिवाय कायदा अभावाची हमी मागूं लागला म्हणजे व्यापारी बुद्धि काय करते, याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या रक्षणासाठीं तेथें २०२१ सालीं कायदा झाला, आणि २०२३ च्या आरंभापासून तीळ असल्यास तो वेष्टनावर जाहीर करणें बंधनकारक ठरलें. तेव्हां कित्येक पाव-कारखान्यांनीं, यंत्रें घासूनपुसून तिळाचा कण राहूं न देण्याचा खटाटोप करण्यापेक्षां, ज्या पावांत तीळ नव्हता त्यांत मुद्दाम थोडें तिळाचें पीठ घातलें आणि वेष्टनावर प्रामाणिकपणें छापलें: तीळ आहे! कायद्याचा एक शब्दहि मोडला नाहीं. ज्यांच्यासाठीं कायदा केला त्यांच्याच तोंडचा पाव तेवढा गेला. ‘आहे’ म्हणणें इतकें स्वस्त आणि ‘नाहीं’ म्हणणें इतकें महाग असतें. आपल्या दुकानांतल्या पुड्यांवर ‘यांत अमुक असूं शकेल’ असें जें बारीक अक्षरांत छापलेलें दिसतें, तेंहि याच जातीचें. कधीं ती सच्ची सूचना असते, आणि कधीं, ‘आम्हीं दिवा लावलेला नाहीं, तुमचें तुम्ही पाहा,’ एवढाच तिचा अर्थ असतो.

आतां गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. मुलीचा एकोणिसावा वाढदिवस होता. केक आदल्या रात्रींच घरीं आला होता. सकाळीं अकराच्या उन्हांत सूनबाई स्वतः दाराशीं आल्या. “सर, तो केक कापूं नका,” हें त्यांचें पहिलें वाक्य. त्यांच्या घरीं दोन दिवस एक वडीलधाऱ्या पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांनीं मदत म्हणून कणीक चाळली, ती नेमकी भट्टीच्या खोलींतल्या चाळणीनें. मग चाळणी धुऊन पूर्ववत् खुंटीला लावली. आदल्या दिवशीं कीं केकच्याच दिवशीं, हें त्यांना आठवत नव्हतें.

मी प्राध्यापक, मीं वाद घातला. चाळणी धुतलेली आहे, कदाचित् ती नंतर वापरली असेल, आणि वापरली असली तरी असा कितीसा कण राहणार! संध्याकाळीं पंधरा मुली येणार होत्या, हें मात्र मीं बोललों नाहीं.

“गहूं आहे असें मी म्हणत नाहीं, सर,” त्या म्हणाल्या. “पण नाहीं असें मला म्हणतां येत नाहीं.”

“वहिनी, चाळणी तर धुतली होती ना?”

“धुतली त्यांनीं. मीं नाहीं.”

केक त्यांनीं परत नेला, आणि माझ्या नको-नकोला न जुमानतां पैसे टेबलावर ठेवले. दोन दिवसांचें काम, बदामाचें पीठ, लोणी, सारें गेलें. मीं मनांतून त्यांच्यावर रागावलों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तो केक निर्दोष असण्याचा संभव, मला वाटतें, पुष्कळच होता. तो फुकट गेला असेल. तसें असल्यास या सगळ्या प्रामाणिकपणाचें फळ एक रिकामें ताट एवढेंच. उपयुक्ततावादी तत्त्ववेत्त्यांना हिशेब करावयास सांगितला तर ते कदाचित् माझ्याच बाजूनें कौल देतील. परंतु ज्या क्षणीं त्या बाईंनीं ‘बहुधा नसेल’ याला ‘नाहीं’ म्हणण्यास सुरुवात केली असती, त्या क्षणीं त्यांच्या मागल्या सर्व ‘नाहीं’ची किंमत ‘बहुधा नसेल’ एवढीच झाली असती. आणि आम्हांला तें कळलेंहि नसतें. नऊ वर्षें आम्ही जें खात आलों तें पीठ आणि गूळ नव्हे, ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणूं शकणाऱ्या एका माणसाचा शब्द होता. हातानें घडविलेल्या वस्तूचें जें खरें मोल आहे तें मला येथें दिसतें. तिच्या मागें असें कोणी तरी एक असतें कीं, ज्याला उन्हांतून तुमच्या दाराशीं येतां येतें. नरहरि सोनाराची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. दुसऱ्यानें आणलेल्या मापावरून त्यानें विठ्ठलाचा करगोटा दोनदां घडविला आणि दोन्ही वेळां तो चुकला; शेवटीं डोळे बांधून कां होईना, त्याला स्वतः देवळांत जाऊन हातानें चांचपावें लागलें. भक्तीचा तिचा अर्थ थोर आहेच. पण कारागिराच्या बाजूनें पाहिलें तर ती दुसऱ्याच्या शब्दावर माप न घेण्याचीहि कथा आहे.

त्या संध्याकाळीं आम्हीं कलिंगडावर मेणबत्ती लावली. मुली हंसल्या, आणि मला वाटलें होतें त्यापेक्षां मजा अधिक झाली. पाहुण्या गेल्यावर भांडीं आवरतां आवरतां मुलगी सहज म्हणाली, “बाबा, मुंजीच्या दिवशीं तुम्हांला ठाऊक होतें ना?”

मीं विचारलें, तुला केव्हां कळलें?

“तेव्हांच. मान हलवितांना तुम्ही माझ्याकडे पाहिलें नाहीं.”

सहा वर्षें ती हें मनांत ठेवून होती. भीड तिनेंहि धरली होती, आणि ती माझी.

पुढच्या आठवड्यांत मी अण्णांकडे एका कुडीची सैल झालेली फिरकी घेऊन गेलों. ते भिंगांतून पाहत कसल्याशा पितळी जिनसेवर काम करीत होते. जवळ जाऊन पाहतों तों ती एक नवी पिठाची चाळणी. तिच्या कडेवर, अंधारांत बोट फिरविलें तरी लागेल अशी, तांब्याची एक जाड फुली ते डाक देऊन बसवीत होते. सूनबाईंनीं सांगितलें होतें कीं, घरांत आलेल्या कोणालाहि, वाचतां न येणाऱ्यालासुद्धां, ही चाळणी हातांत घेतांच कळली पाहिजे. अण्णा म्हणाले, “साठ वर्षें सोन्यावर खूण केली. पितळेवर पहिलीच.” मग ती उलटी धरून त्यांनीं डाक नीट बसला कीं नाहीं तें नखानें तपासलें, आणि पुनः एकदां कानस घेतली.

त्याच आप्ताच्या घरीं येत्या महिन्यांत लग्न आहे. पत्रिका माझ्या टेबलावर पडली आहे. त्या बाईंना फोन करून त्या कढईविषयीं सांगावें, असें मीं दोनदां ठरविलें आणि दोनदां फोन खालीं ठेवला. मुलीनें मात्र नेण्यासाठीं आपला डबा घासून उन्हांत ठेवला आहे.